वॉलेटचं ॲप डिलीट झालं? आधी ते बारा शब्द शोधा

राजारामपुरीतल्या दुकानात मोबाईल फॉरमॅट करून आणला आणि क्रिप्टोचं वॉलेटच गायब, असं झालं तर हातपाय गाळू नका. कॉइन ॲपमध्ये नसतातच, त्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या अनेक कॉम्प्युटरांवर ठेवलेल्या सामाईक खातेवहीत असते. ॲपमध्ये असते ती फक्त चावी, आणि ती पुन्हा तयार होते वॉलेट सुरू करताना लिहून घेतलेल्या 12 किंवा 24 इंग्रजी शब्दांतून. जुन्या डायऱ्या, गॅसच्या पुस्तकाची पिशवी, कपाटातली फाईल, सगळं उलथंपालथं करा. शाई पुसट झाली असली तरी धीर सोडू नका. बहुतेक वॉलेटं 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून शब्द घेतात आणि त्यातला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. क्रम मात्र तोच हवा. मग तेच ॲप पुन्हा टाकून त्यात ‘रिस्टोअर’ करा. बॅलन्स शून्य दिसला तर आधी ॲपमधलं नेटवर्क, म्हणजे कोणती ब्लॉकचेन निवडली आहे ते बदलून बघा.

कॉम्प्युटरवर बिटकॉइन कोअर हे बिटकॉइनचं वॉलेट होतं? मग शोधायची ती ‘वॉलेट.डॅट’ नावाची फाईल. ती पुसली गेली असेल तर मशीन लगेच बंद करा, कारण नवं काही डाऊनलोड केलंत की पुसलेल्या जागेवर तेच लिहिलं जातं. साधी हार्ड डिस्क असेल तर आशा बरी, एसएसडीत, म्हणजे चिपवाल्या नव्या डिस्कमध्ये फारच कमी.

‘थोडे पैसे आधी पाठवा, कॉइन काढून देतो’ म्हणणारे मेसेज येतील. त्यांना एक रुपया किंवा एक शब्दही देऊ नका. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन लावा.