अ‍ॅडव्हान्स्ड रायडिंग कोर्सला जाण्यापूर्वी: मुरलेल्या रायडरची तयारी

मोटरसायकलच्या आधी स्वतःच्या सवयी तपासा. कोर्सच्या आदल्या आठवड्यात रोजच्या रस्त्यावर नेहमीसारखीच गाडी चालवा, फक्त लक्ष ठेवा. अचानक थांबावं लागलं तर आधी पाय दाबला जातो की हात? वळणात नजर वळणाच्या शेवटाकडे असते की पुढच्या चाकासमोरच्या खड्ड्यावर? एका बाजूचा यू-टर्न सहज जमतो आणि दुसऱ्या बाजूचा टाळला जातो का? जे दिसेल ते लिहून काढा आणि प्रशिक्षकांना पहिल्याच सत्रात सांगा. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीसाठी आहे, कारण वर्षांगणिक चुकीची सवयसुद्धा पक्की होत जाते. अमेरिकन संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१च्या त्या अहवालानुसार ९२ टक्के चालक आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. ऐनवेळी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवायचं आणि पुढचा पुरेसा वापरायचाच नाही, हे त्यांच्यात वारंवार दिसलं.

गाडी शक्यतो स्वतःचीच न्या. रस्त्यावर तीच वापरायची आहे. टायर थंड असताना मॅन्युअलप्रमाणे हवा भरा. टायरच्या कडेवरचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. दिवसभर जोरात ब्रेक मारायचे आहेत, तेव्हा ते बदलून दोन वर्षं झाली असतील तर आत्ताच बदला. ब्रेक पॅड किंवा टायर नवे टाकायचे असतील तर चार-पाच दिवस आधी टाका, बसायला वेळ हवा. चेनचा ताण पाहा. नेहमीच्या बैठकीत मनगट सरळ राहील असे लिव्हर फिरवून घ्या. पॅनिअर (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्या) आणि मोबाइल होल्डर घरी ठेवा.

एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तो लागल्यावर लिव्हर हाताखाली थरथरतो, हे आधीच माहीत असू द्या. त्या क्षणी ब्रेक सोडायचा नसतो.

हनुवटी झाकणारं हेल्मेट, जॅकेट, जाड पँट, ग्लोव्ह्ज आणि घोटा झाकणारे बूट लागतील. बूट वापरातलेच घाला. कडक नव्या बुटात गिअर जाणवत नाही.

लायसन्स घ्या आणि मैदानावर झालेलं नुकसान तुमच्या विम्यात येतं का, हे विमा कंपनीला विचारा. आदल्या रात्री झोप पुरी करा, पाणी भरपूर न्या. तासन्‌तास हाफ क्लचवर हळू चालवून डावा पंजा चांगलाच भरून येतो. घर लांब असेल तर कोर्स संपल्यावरच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा.