मारांडी ओळखताना या चुका टाळा

खाडीच्या चिखलात कमरेएवढी वाढलेली, चकचकीत काटेरी पानांची आणि उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी भरणारी खारफुटीची झुडपं म्हणजे मारांडी. वेंगुर्ल्यापासून रायगडपर्यंत कुठल्याही खाडीला जा, दिसतेच. तरी ओळखताना घोळ होतात, कारण बहुतेक जण नुसतं पान बघून नाव ठरवतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काटे नाहीत म्हणून ही मारांडीच नाही असं म्हणणं. तिवरांच्या, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांच्या, सावलीत वाढलेल्या झुडपाची पानं पुष्कळदा साध्या कडेची असतात, उन्हातल्याची दातेरी आणि टोचणारी, आणि कधीकधी तर एकाच झुडपावर दोन्ही सापडतात. म्हणून पानांची मांडणी बघा, समोरासमोर जोडी आणि वरची जोडी खालच्या जोडीला काटकोनात.

उलटंही होतं, काटेरी पान दिसलं की झाली मारांडी. पिवळा धोत्रापण काटेरीच, पण त्याची पानं एकाआड एक येतात, तोडलं की पिवळा चीक निघतो आणि तो पडीक जागेत उगवतो. तालिमखान्याचं प्रकरण जरा अवघड आहे, तो मारांडीच्याच कुळातला आणि फूलही जांभळट. मात्र त्याचे काटे पानाच्या कडेला नसून खोडाच्या पेरावर असतात, फुलं तिथेच पेराभोवती घोळक्याने येतात आणि त्याला गोड्या पाण्याची दलदल लागते. मारांडीचा तुरा फांदीच्या टोकाला उभा.

फूल अर्धं दिसतं म्हणून किड्याने खाल्लंय असं समजू नका. पाकळीचा वरचा ओठ नावापुरताच असतो, खालचा एकच रुंद ओठ पुढे आलेला, भुंग्याला बसायला अगदी सोयीचा, आणि त्याच्यावर चार जाड केसाळ पुंकेसर. मला तरी खाडीतलं सगळ्यात देखणं फूल हेच वाटतं.

पानावर पांढरे कण दिसले की लोक भुरी रोग म्हणतात. ते मीठ आहे! मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात, पाऊस आला की धुऊन जातं.

कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडासारख्या लोंबत्या शेंगा हिच्यावर शोधत बसू नका. हिला छोटी बोंडं धरतात, आत जास्तीत जास्त चार बिया, बोंड वाळलं की तडकन फुटतं आणि बिया लांब उडतात. तिवरासारखी चिखलातून वर येणारी श्वासमुळंही नाहीत, जुन्या झुडपांना खोडातून आधारमुळं सुटतात तेवढीच.

फोटो काढून कुणाला विचारणार असाल तर एका पानाचा क्लोजअप पुरत नाही, पानांची जोडी, पेर, फूल समोरून आणि बाजूने, शिवाय आजूबाजूची जागा असं सगळं घ्या, ओहोटीची वेळ बघूनच चिखलात उतरा, आणि कुंडीत लावायला म्हणून उपटून तर मुळीच आणू नका, खारफुटीची तोड मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात बंद केलीय.