ईएसएसच्या डेटावर रिग्रेशन लावताय? मग आधी हे वाचा

सोलापुरात एमए, एमएस्सी, कम्युनिटी मेडिसिन करणारी पोरं प्रोजेक्टला डेटा शोधत असतात, त्यांना मी सरळ सांगतो, युरोपियन सोशल सर्व्हे घ्या, ईएसएस म्हणतात त्याला. लगेच प्रश्न येतो, युरोपचं काय करायचंय सर, आपल्या विडी कामगारांचं बघू की. बघा ना, कोण नको म्हणतंय, पण हात बसायला असा डेटा पाहिजे ज्याची प्रश्नावली, कोडबुक सगळं समोर आहे आणि अभ्यासासाठी नुसतं रजिस्टर केलं की फुकट मिळतो. हा सर्व्हे 2002 पासून साधारण दर दोन वर्षांनी होतो, 15 आणि त्यावरच्या वयाची, घरात राहणारी माणसं घेतात. म्हणजे वृद्धाश्रमातली माणसं यात नाहीत, हे रिपोर्टात सुरुवातीलाच लिहा. आरोग्याचा विषय असेल तर 2014 ची सातवी फेरी घ्या, त्यात आरोग्यातल्या विषमतेवर वेगळा भागच आहे.

आधी प्रश्न नीट करा. "उत्पन्न आणि आरोग्य" हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा पाहिजे की एकाच वयाच्या आणि सारख्या शिक्षणाच्या लोकांत कमी उत्पन्नाच्या घरातले लोक आपली तब्येत वाईट आहे असं जास्त सांगतात का, आणि हा फरक सगळ्या देशांत सारखाच आहे का.

आता खरं काम. रिग्रेशनचं मॉडेल, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध बाकीच्या गोष्टी सारख्या धरून मोजणारं गणित, आर या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत चालतं, त्याचं काय कौतुक नाही, सगळा घोळ त्याच्या आधी असतो. सीएसव्ही उतरवली की उत्पन्नाच्या कॉलमात 77, 88, 99 असे आकडे दिसतील. 77 म्हणजे सांगायला नकार, 88 म्हणजे माहीत नाही, 99 म्हणजे उत्तरच नाही. डेसाइल म्हणजे उत्पन्नाच्या क्रमानं घरांचे केलेले सारखे गट, ते दहाच असतात, आणि तुमचा एक माणूस 77 व्या डेसाइलला बसलाय, आणि सॉफ्टवेअर काय बोलत नाही हो, गुपचूप त्याच्यातून रेष काढून देतं. वयात हाच कोड 999 असतो, तब्येतीच्या प्रश्नात 7, 8, 9. प्रत्येक कॉलमचा आधी टेबल काढा, हे कोड रिकामे करा, मग पुढं जा.

दुसरं म्हणजे स्केलची दिशा. तब्येतीच्या प्रश्नात 1 म्हणजे खूप चांगली आणि 5 म्हणजे खूप वाईट, पण आनंदाच्या प्रश्नात 0 म्हणजे एकदम दुःखी आणि 10 म्हणजे एकदम आनंदी. एक वाढला की वाईट, दुसरा वाढला की चांगलं. दोन्ही एका मॉडेलमध्ये टाकले की मायनसचं चिन्ह बघून पोरं उलटाच निष्कर्ष लिहितात आणि व्हायवात बाहेरचे सर तिथंच धरतात. सुरुवातीलाच तब्येतीचा नवीन कॉलम करा, 4 किंवा 5 असेल तर 1, नाहीतर 0, आणि त्याला "वाईट तब्येत" असंच नाव द्या. पाचही पायऱ्या तशाच ठेवणारं ऑर्डर्ड लॉजिट जास्त बरोबर आहे असं कोणी म्हणेल, असेल, पण पहिल्यांदा 0 आणि 1 वर चालणारं साधं लॉजिस्टिक रिग्रेशनच करा.

वेट, म्हणजे प्रत्येक माणसाला हिशेबात किती वजन द्यायचं तो आकडा, विसरू नका. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, आपलं नुसतं सोलापूर शहर 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख, आणि जर्मनी आठ कोटींच्या वर. पण सॅम्पलमध्ये लोक काही त्या प्रमाणात नसतात. एकेक देश वेगळा बघायचा असेल तर पोस्ट-स्ट्रॅटिफिकेशन वेट (सॅम्पल त्या देशाच्या वय, लिंग वगैरे प्रमाणाशी जुळवणारं) पुरतं, सगळा युरोप एकत्र धरून आकडा द्यायचा असेल तर हेच वेट लोकसंख्येच्या वेटनं गुणून मिळणारं अॅनालिसिस वेट लावा. आरमध्ये सर्व्हे नावाचं पॅकेज आहे, ते वापरा, नाहीतर स्टँडर्ड एरर, म्हणजे आकडा किती इकडंतिकडं असू शकतो त्याचं माप, खोटे लहान येतात.

मॉडेलमध्ये वय, वयाचा वर्ग (वय गुणिले वय), लिंग, शिक्षण, उत्पन्न आणि देश. देश फॅक्टर म्हणून, म्हणजे प्रत्येक देश वेगळा गट धरून टाकला की तुलना प्रत्येक देशाच्या आतल्या आत होते आणि तेच पाहिजे, कारण ईएसएसचं उत्पन्न त्या त्या देशाच्या डेसाइलमध्ये असतं. नॉर्वेतला पाचवा डेसाइल आणि बल्गेरियातला पाचवा यांच्या पगाराचा एकमेकांशी काय संबंध नाही. देशाचा जीडीपी, आरोग्यावरचा सरकारी खर्च असलं काही घालायचं असेल तर माणूस आणि देश अशा दोन पातळ्या धरणारं मल्टीलेव्हल मॉडेल लागतं, पण तिथं तुमचा सॅम्पल चाळीस हजार नसतो, वीस-तीस देश एवढाच असतो. एक-दोन व्हेरिएबल घाला, जास्त नको.

लॉजिस्टिकचं उत्तर ऑड्स रेशोत, म्हणजे दोन गटांच्या ऑड्सच्या भागाकारात येतं, आणि तो वाचताना सगळे घसरतात. समजा 100 पैकी 10 जणांची तब्येत वाईट आहे, म्हणजे ऑड्स, वाईट भागिले बाकीचे, 10 भागिले 90. ऑड्स रेशो 2 आला तर 20 भागिले 90, म्हणजे 110 पैकी 20, शेकडा 18 च्या आसपास. 20 नाही. आणि सुरुवातच 40 पासून असेल तर तोच 2 तुम्हाला 57 वर नेतो, 80 वर नाही. म्हणून "दुप्पट लोक आजारी" असं लिहू नका, प्रेडिक्टेड प्रोबॅबिलिटी, म्हणजे मॉडेलनं सांगितलेली शक्यता काढून सरळ टक्के द्या, गाइडलाही कळतं.

कारण-परिणामाचं बोलताना सांभाळून. गरिबीमुळं तब्येत बिघडली का तब्येत बिघडली म्हणून काम सुटलं, हे ईएसएसवरून सुटत नाही, तिथं प्रत्येक फेरीला नवीन माणसं असतात. त्यासाठी शेअर हा युरोपातलाच दुसरा सर्व्हे बघा, 2004 पासून 50 च्या वरच्या त्याच त्याच माणसांकडं परत परत जातात, शिवाय नुसतं विचारत नाहीत, हाताच्या पकडीची ताकद यंत्रावर मोजतात. हे महत्त्वाचं आहे, कारण "बरं आहे" म्हणायची सवय प्रत्येक देशाची वेगळी. आपल्याकडं पण गुडघे धरून बसलेली आजी विचारलं की बरंय बाळा म्हणते.

आणि विडी कामगारांकडं यायचंच असेल तर शेअरच्याच धर्तीवर आपल्याकडं लासी हा सर्व्हे आहे, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेचा, पहिली फेरी 2017-18, वय 45 च्या वर. तिथं डेसाइलऐवजी घरचा खर्च घ्या, शेती आणि विडीच्या घरात महिन्याचं उत्पन्न कोणी धड सांगू शकत नाही. जिल्ह्याचा वेगळा आकडा मात्र त्यातून काढायला जाऊ नका, सॅम्पल राज्यासाठी आहे.