स्लॅब कोसळल्याची बातमी कशी करावी: ठाण्यातल्या नव्या टीव्ही वार्ताहरांसाठी

टीव्हीतली सुरुवात बहुतेकांची स्ट्रिंगर म्हणूनच होते. पगार नसतो, बातमीमागे मानधन मिळतं. म्हणून पाठवलेली प्रत्येक बातमी तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा, नाहीतर महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही.

पावसाळ्यात कळवा-मुंब्र्याकडून स्लॅब कोसळल्याचा फोन आला, की निघतानाच डेस्कला, म्हणजे चॅनेलच्या वृत्तकक्षाला, एक ओळ टाका: कुठे, किती वाजता, कोणी सांगितलं. पोचल्यावर आधी शूट, चौकशी मागाहून. पोलिसांनी दोरी बांधली की जवळ जाता येत नाही. मात्र अग्निशमनच्या जवानांच्या वाटेत पाय रोवू नका, जिन्यात तर नकोच.

मोबाइल आडवा धरा. रिझोल्यूशन १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. शटर चुकलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. प्रत्येक शॉट १० सेकंद स्थिर: पूर्ण इमारत, पडलेला मजला, ढिगारा उपसणारे हात. आणि सळईचा क्लोज घ्याच. गंजून पापुद्रे सुटलेली, सिमेंटातून बाहेर आलेली सळई जे दाखवते ते पीटूसीत, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून, २० सेकंद बोलूनही सांगता येत नाही. नवखे कॅमेरा सारखा फिरवत राहतात, मग एडिटरला त्यातून तीन सेकंदही सलग मिळत नाहीत.

बाइट, म्हणजे कुणाचं कॅमेऱ्यावरचं बोलणं, घेताना आधी नाव आणि पद कॅमेऱ्यावरच वदवून घ्या; पडद्यावरच्या पट्टीत नाव चुकणं हा सगळ्यात नेहमीचा घोळ. माईक हनुवटीखाली वीतभर. जनरेटर बोलणाऱ्याच्या पाठीशी असेल तर जागा बदला, आणि हेडफोन लावून ऐकल्याशिवाय माणसाला सोडू नका. घर गमावलेल्याला ‘कसं वाटतंय?’ विचारू नये. कधीपासून गळत होतं, महापालिकेची नोटीस आली होती का, हे विचारा.

खरी बातमी त्या नोटिशीत असते. धोकादायक इमारतींचे वर्ग असतात: सी-१ अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची; सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची; सी-२बी रिकामी न करता; सी-३ किरकोळ दुरुस्तीची. ही इमारत कोणत्या वर्गात होती, याचं उत्तर प्रभाग समितीच्या कार्यालयातून घ्या.

मृतांचा आकडा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून कधीच देऊ नका. आपत्ती व्यवस्थापन कक्ष किंवा रुग्णालय, आणि तेही हवाल्यासह. आकडा वाढवता येतो, पण जिवंत माणूस मेल्याची बातमी त्याच्या घरच्यांनी पाहिली तर ती परत घेता येत नाही.

हद्दही तपासा. दिघा नवी मुंबई महापालिकेत, जिल्हा ठाणे. खारघर मात्र पनवेल महापालिकेत, जिल्हा रायगड, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबई. इथे गफलत झाली की चुकीच्या आयुक्तांना जाब विचारला जातो.

फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की दर्जा घसरतो. फाइलच्या नावात तारीख, ठिकाण, विषय असू द्या, सोबत पाच ओळींची स्क्रिप्ट.

दुसऱ्या दिवशी कॅमेरे निघून जातात. तेव्हा परत जा आणि रहिवाशांना कुठल्या शाळेत ठेवलंय, तिथे पाणी आहे का, सामान आणायला कधी सोडणार, एवढं विचारून या.