'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसलं की आधी थांबा

आयटी सपोर्टला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) भरायचा शेवटचा दिवस. अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला, "अरे, सिस्टीम हँग झालीये, लवकर ये." स्क्रीनवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसलं आणि मी सरळ एंड टास्क केलं, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला. नेमका तेव्हाच डेटा सेव्ह होत होता. फाइल खराब झाली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, पण दिवसभराच्या नोंदी मॅडमनी रात्री नऊपर्यंत बसून पुन्हा केल्या. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

प्रोग्रामने साधारण ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज ती पाटी लावतं, एवढाच तिचा अर्थ. आत काम चालू असू शकतं. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामची यादी) उघडा, पण फक्त बघायला. त्या प्रोग्रामपुढचे सीपीयू, डिस्क, नेटवर्कचे आकडे हलत असतील तर हात आवरा. एक्सेल असेल तर खालच्या पट्टीत कॅल्क्युलेशनची टक्केवारी चढतेय का तेही बघा.

आकडे शून्यावर असतील तर प्रोग्राम बहुधा कशाची तरी वाट बघतोय. पुष्कळदा आपल्याच उत्तराची! 'सेव्ह करायचं का?' विचारणारी छोटी चौकट मागे दडलेली असते आणि कुठेही क्लिक केलं की नुसता 'टिंग' आवाज येतो. ऑल्ट-टॅबने शोधा. एकदा तर ती चौकट दुसऱ्या मॉनिटरवर उघडली होती. मॉनिटर बंद, केबल मात्र जोडलेली. ऑल्ट-स्पेस, मग एम, मग एक बाण दाबून माउस हलवला, तेव्हा ती समोर आली. अशी चौकट सापडली की न वाचता एंटर मारू नका.

डेटा सर्व्हरवर असेल तर तोच शेअर्ड फोल्डर फाइल एक्सप्लोररमधून उघडा. तोही अडकला तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नाही. केबल, नेटवर्क स्विच, सर्व्हर तपासा. बिलाच्या प्रिव्ह्यूला अडकत असेल तर डीफॉल्ट प्रिंटर चालू आहे का बघा.

आणि खुर्चीतल्या माणसाला विचारा, "शेवटी काय करत होतात?" आवाज मऊ ठेवा. तो आधीच घाबरलेला असतो, चढ्या आवाजात विचारलं तर खरं सांगत नाही.

एवढं करूनही एंड टास्कची वेळ आलीच, तर मी आधी बाकीच्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायला सांगतो आणि डेटा फोल्डरची कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर काढतो.