सैन्यसेवेच्या मध्यावर ट्रेड बदलायचा असेल तर

सैन्यात आठ-दहा वर्षे काढल्यानंतर अनेक जवानांच्या मनात ट्रेड, म्हणजे सैन्यात नेमून दिलेल्या कामाचा प्रकार, बदलण्याचा विचार येतो. कोणी भरतीच्या वेळी बारावी असतो आणि पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन जनरल ड्यूटीतून (सर्वसाधारण शिपाईगिरीतून) क्लार्क होऊ पाहतो, तर कोणाचा गुडघा पहाडी पोस्टिंगमध्ये कायमचा निकामी झालेला असतो. पलटणीच्या कार्यालयात मी बरीच वर्षे कारकुनी केली आणि त्या काळात असे पुष्कळ अर्ज माझ्या हातून पुढे गेले. त्यांतले जे परत आले, त्यांतल्या बहुतेकांच्या अर्जदारांत पात्रतेची उणीव नव्हती. त्यांचे कागद अपुरे होते किंवा अर्ज करण्याची वेळ चुकली होती.

अर्ज लिहिण्याआधी हिशेब मांडावा. निवृत्तिवेतनासाठी जवानाला किमान 15 वर्षांची सेवा लागते, आणि शिपाई, नायक, हवालदार या प्रत्येक हुद्द्याची सेवामर्यादा वेगवेगळी असल्यामुळे, पुढचा हुद्दा वेळेवर मिळाला नाही तर माणूस लवकर घरी जातो. पदोन्नतीची यादी ट्रेडनुसार असते. जनरल ड्यूटीत हवालदारीच्या उंबरठ्यावर असलेला नायक नव्या ट्रेडमध्ये गेला की त्या ट्रेडच्या यादीत त्याचे नाव कुठे लागणार, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच सहसा विचारला जात नाही. बदल स्वतःच्या विनंतीवरून झाला की सेवेच्या गरजेतून, यावर ज्येष्ठता टिकणे किंवा जाणे अवलंबून असू शकते. म्हणून अर्जासोबत जे हमीपत्र सहीसाठी पुढे केले जाते, ते पूर्ण वाचावे, त्यातल्या ज्येष्ठतेच्या ओळीचा अर्थ हेड क्लार्ककडून समजून घ्यावा आणि मगच सही करावी. माझे स्पष्ट मत असे आहे की हा बदल सेवेच्या पहिल्या दहा वर्षांत व्हावा; त्यानंतर फायद्यापेक्षा तोटा मोठा होण्याची शक्यता वाढत जाते.

यानंतर कागद पाहावेत. सैन्यात एखादी गोष्ट घडली एवढे पुरत नाही, ती पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या नोंदींतला बदल कळवणाऱ्या लेखी आदेशात, प्रसिद्ध व्हावी लागते. लग्न, अपत्याचा जन्म, परीक्षा, पदवी हे सगळे त्याच मार्गाने रेकॉर्ड ऑफिसपर्यंत, म्हणजे जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयापर्यंत, पोहोचते. एका नायकाचा प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्याने पदवीचे प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी, वर्दीच्या घडीखाली दोन वर्षे जपून ठेवले होते. कागद इतका जपलेला होता की त्यावर एक सुरकुतीही नव्हती, पण त्याची पार्ट टू ऑर्डर कधी झालीच नव्हती, त्यामुळे रेकॉर्डच्या दृष्टीने तो बारावी पासच राहिला. अर्ज परत आला, नोंद करून तो पुन्हा पाठवेपर्यंत त्याची वयोमर्यादा उलटून गेली. हे मी मनाला लावून घेतले होते, म्हणून सांगतो: अर्ज करण्याच्या सहा महिने आधी कंपनी क्लार्ककडे बसून आपला शीट रोल, म्हणजे सेवेच्या नोंदींचा कागद, पाहावा. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, शिक्षण, मॅप रीडिंग आणि शिक्षणाच्या सैनिकी परीक्षा, वैद्यकीय श्रेणी आणि शिक्षांच्या नोंदी एकेक करून तपासाव्यात.

अर्ज नेहमीच्या वाटेनेच न्यावा. कंपनीचे सीनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), कंपनी कमांडर, सुभेदार मेजर आणि शेवटी सीओ साहेब (कमांडिंग ऑफिसर), या क्रमातला कोणी वगळला गेला तर शिफारस कोरडी येते. मुलाखतीत आपल्या अडचणीपेक्षा नव्या कामासाठीची आपली तयारी सांगावी. टायपिंगचा वेग, संगणकाचे काम, कार्यालयात तात्पुरते केलेले काम यांचा उल्लेख करावा. पलटणीला आपल्या जागी दुसरा माणूस लागणार असतो, हे ध्यानात ठेवून अर्ज पीस स्टेशनच्या, म्हणजे शांत भागातल्या मुक्कामाच्या, सुरुवातीला द्यावा. फील्डला (सीमेवरच्या किंवा अशांत भागातल्या तैनातीला) निघण्याच्या तोंडावर आलेल्या अर्जावर कोणताही कमांडर खुशीने सही करत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही.

वैद्यकीय कारण असेल तर वाट वेगळी आहे. शेप या श्रेणीपद्धतीत मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांची वेगवेगळी नोंद होते. मेडिकल बोर्डाच्या कागदावर कोणती कामे करता येतील आणि कोणती नाहीत, हे नेमके लिहिले गेले पाहिजे, कारण पुढची नेमणूक त्या ओळींवर ठरते. ‘जड काम नको’ एवढ्याने भागत नाही. उंचीवरची ड्यूटी, वजन उचलणे, धावणे यांचा स्वतंत्र उल्लेख व्हावा, अशी डॉक्टरांना नम्रपणे विनंती करावी. श्रेणी कायमची घसरली म्हणजे नोकरी संपली असे घाबरून मानू नये. अशा जवानाला इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाशिवाय (जवान सेवेस अपात्र आहे का हे ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाशिवाय) सेवेतून काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये राजपाल सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि झेपेल असे काम देऊन सेवेत ठेवण्याची तरतूदही आहे. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये कृत्रिम पाय बसवून पुन्हा कामावर रुजू झालेले सैनिक आहेत, ही गोष्ट रुग्णालयात पडून असलेल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवी.

दुसऱ्या कोअरमध्येही (सैन्याच्या दुसऱ्या शाखेतही) जाता येते. शारीरिक प्रशिक्षण, मिलिटरी पोलीस, पॅराशूट रेजिमेंट येथे इतर पलटणींतून स्वेच्छेने आलेले जवान घेतले जातात. पॅराशूट रेजिमेंटच्या प्रोबेशनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या कसोटीच्या काळात, टिकला नाही तर जवान मूळ पलटणीत परततो.

अधिकारी होण्याची वाट मात्र वयाने बांधलेली आहे. जवानांतून अधिकारी घडवणाऱ्या आर्मी कॅडेट कॉलेजसाठी वय 20 ते 27, किमान दोन वर्षांची सेवा आणि बारावी उत्तीर्ण असणे लागते; 1960 मध्ये हे कॉलेज पुण्यात सुरू झाले आणि 1977 मध्ये डेहराडूनला गेले. लेखी परीक्षा आणि एसएसबी (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत व चाचण्या) पार केल्यावर तेथे तीन वर्षे आणि पुढे इंडियन मिलिटरी अकॅडमीत एक वर्ष प्रशिक्षण होते. मध्यावर आलेल्या बहुतेकांना याची आठवण 28व्या वर्षी होते, म्हणून सेक्शनमधल्या तरुण शिपायाला हे आजच सांगावे.

बदलाचा आदेश आला तरी काम संपत नाही. नव्या ट्रेडची पार्ट टू ऑर्डर झाली का, वर्गीकरणाची चाचणी कधी द्यायची आहे, वेतनचिठ्ठीत भत्ते बरोबर लागले का, हे पुढचे तीन महिने पाहत राहावे. आदेशाच्या दोन प्रती काढाव्यात, एक स्वतःजवळ ठेवावी आणि दुसरी घरी पाठवून घरच्यांना ती कोठे ठेवली आहे हे माहीत करून द्यावे.