बटू दीर्घिकेतलं कृष्णविवर : जळगावात बसून सुरुवात कशी करावी

बटू, म्हणजे छोट्या दीर्घिकेतलं कृष्णविवर शोधायला दुर्बीण लागत नाही. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट (उजेडाची तरंगलांबीनुसार केलेली फोड) फुकट मिळतात. साधा लॅपटॉप जळगाव-धुळ्यात बसून पुरतो. फक्त मे महिन्यात लांबलचक रन रात्री लावा. दुपारी लॅपटॉप तापतो आणि वीजही तेव्हाच जाते.

तारकीय वस्तुमान ३ अब्ज सूर्यांपेक्षा कमी असलेल्या दीर्घिका एसक्यूएलने (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने) वेगळ्या काढा. खगोलशास्त्रज्ञ एमी रेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुमारे २५,००० पाखडल्या, तेव्हा कृष्णविवराच्या खुणा असलेल्या १३६ हाती लागल्या. म्हणजे दोनशेत एखादी. शंभर वर्णपट बघून हात हलवत परतलात, तर चुकलं असेलच असं नाही.

फाइलमध्ये तरंगलांबी थेट नसते, तिचा लॉग असतो. तो उलटवून (१ + रेडशिफ्ट) ने भागा; रेडशिफ्ट म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप. या लांब्या निर्वातातल्या आहेत : एच-अल्फा ही हायड्रोजनची रेषा ६५६४.६ अँगस्ट्रॉमवर सापडेल, पाठ्यपुस्तकातल्या ६५६२.८ वर नाही. मग पीपीएक्सएफ या प्रोग्रामने ताऱ्यांचा उजेड वजा करा. ही पायरी गाळली की एच-बीटा ही हायड्रोजनची दुसरी रेषा ताऱ्यांच्या शोषणाच्या खळग्यात बुडते, ऑक्सिजनशी तिचं गुणोत्तर फुगतं आणि साधी तारे घडवणारी दीर्घिकाही कृष्णविवरवाली दिसते.

खरी कसोटी एच-अल्फाची : कृष्णविवराभोवती वेगाने फिरणारा वायू ती रुंद करतो. तिच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या रेषा (६५५० आणि ६५८५, तीव्रता साधारण १:३). तिघींचे पदर एकमेकींत मिसळले की रुंद रेषेचा भास होतो. म्हणून अरुंद रेषेचा आकार गंधकाच्या जोडीवरून (६७१८, ६७३३) ठरवा, तो इथे बसवा, आणि मगच रुंद गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) जोडा. काई-वर्ग (वक्र आणि नोंदी यांतल्या तफावतीचं माप) किमान २० टक्क्यांनी उतरला आणि रुंदी सेकंदाला ५०० किलोमीटरच्या वर गेली, तरच ती धरा.

तरी हुरळू नका. सुपरनोव्हाही अशी रुंद रेषा देतो, आणि काही वर्षांनी ती विरते. दुसरा वर्णपट हवाच. क्ष-किरण ठिपका दिसला तर तो क्ष-किरण जोडतारा (साथीदार ताऱ्याचा वायू ओढणारा मृत तारा) नाही ना, हेही तपासा.

उलट चूकही होते. कमी धातूंच्या दीर्घिकेत नायट्रोजन क्षीण, त्यामुळे खरं कृष्णविवरसुद्धा नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या गुणोत्तरांच्या आलेखावर तारे घडवणाऱ्यांच्या गर्दीत जाऊन बसतं. नाकारलेल्यांची यादी म्हणूनच जपा. आरजीजी ११८ या बटू दीर्घिकेची रुंद रेषा २०१३ च्या छाननीत धरली गेली नव्हती. २०१५ मध्ये मॅगेलन दुर्बिणीच्या चांगल्या वर्णपटात ती निघाली. कृष्णविवराचं वस्तुमान भरलं सुमारे ५०,००० सूर्य.